फावड्याची पाळी

नथू शिळीमकर सतरा महिने पडला नाही.
हे मी कुणाला सांगत नाही,
कारण विचारत कुणी नाही.
गुंजवणीच्या खोऱ्यातून आलेला पोरगा,
कान मोडायच्या आधीच नाव झालेला.
लोणीकंदला एकलंगीवर, सासवडला घिस्स्यावर,
भोरला तर सलामीलाच,
समोरच्याचा हात शड्डूवरून उतरायच्या आत.
बत्तीस कुस्त्या. बत्तीसही निकाली.

तेहतिसावी झाली असती तर...

इथून माझं डोकं सुरू होतं,
रात्री, बायको झोपल्यावर,
धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर, पंख्याकडे बघत.
तेहतिसावी मारली असती तर गदेच्या गटात आला असता.
गटात आला असता तर तो सव्वासहा फुटी कोल्हापूरकर
त्याच्या वाट्याला.
त्याचा पट काढला असता, डाव्या पायाचा, नेहमीसारखा.
ती एक कुस्ती मी चौदा प्रकारे लावून पाहिली आहे.
एकदा नथू चीतपट झाला.
मी उठलो, पाणी प्यायलो
आणि ती कुस्ती रद्द केली.

कधी त्याला गदा देतो.
लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणूक, हलगी, तिरका फेटा.
रेल्वेत नोकरी देतो, खडकीला दोन खोल्या देतो,
एक मुलगी देतो, तिला मॅटवर उतरवतो,
आणि तो कडेला बसून तिला ओरडतो, मान वर, मान वर!
कधी मात्र त्याला हरवतो,
साधाच, गुणांवर, छत्तिशीत,
केस विरळ झाल्यावर, ढेरी सुटायला लागल्यावर,
जसे सगळे पैलवान संपतात तसा संपवतो.
त्या रात्री मला झोप चांगली लागते.

वस्ताद म्हणायचे,
आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,
चला, जोर मारा.
पण वस्तादांना ठाऊक नव्हतं
त्या रविवारी फावड्याची पाळी कुणाची होती.

शनिवार मारुतीचा, तालमीला सुट्टी.
रविवारी पहाटे चारला हौदा उकरायचा,
कोपरभर खोल,
ताक, तेल, हळद, लिंबू जिरवून
माती कणकेसारखी करायची.
पाळी माझी होती.
आदल्या रात्री मी शेवटचा खेळ पाहिला,
पिक्चर कुठला ते आता आठवतही नाही.
पाच वाजता आलो, वरवर फावडं फिरवलं.
वर भुसभुशीत. खाली फरशी.

नथू म्हणाला, ये.
मी ढाक लावली.
तो निम्म्यात मांजरासारखा उलटला,
तो नेहमीच उलटायचा,
आणि गुडघा आधी खाली आला.
ऊस मोडल्याचा आवाज.
सगळे माझ्या ढाकेकडे बघत राहिले.
मातीकडे कुणी बघितलं नाही,
आणि मी गुपचूप पायाने ती सारखी केली.

आता तो नाना पेठेत स्कूटरच्या सीटा शिवतो.
रेक्झिन ताणताना मनगटाला अजून तोच पीळ.
माझी सीट त्याने चार वेळा बदलली आहे.
गाडी तीच.

परवा विचारलंच,
नथ्या, तो गुडघा गेला नसता तर?
दातात दोरा धरून तो म्हणाला,
कुठला? आता दोन्ही दुखतात.
मग हसला, पोराला दोन कटिंग सांगितले,
रेक्झिनचा तुकडा कानशिलाजवळ धरून
रंग जुळतोय का बघत बसला.
मी म्हणालो, ऐक ना, त्या रविवारी...
तो सुई ओवत होता.
वर न बघताच बोलला,
पाय जरा अलीकडे घे रे,
तिथं फरशी ओली आहे.