१ म्हणजे नऊ नव्हे

मत्रह. सुकामागची गल्ली.
थुवैनींच्या दुकानात
ओमानी टोप्यांवर, कुम्म्यांवर, नक्षी काढणारं
बारा सुयांचं यंत्र
अकरा दिवस मुकं.
यंत्राला काही झालेलं नाही.
त्याला हाकणारा कॉम्प्युटर गेला,
विंडोज अठ्ठ्याण्णव, दातासारखा पिवळा,
आणि नव्या कॉम्प्युटरशी
ते एक अक्षर बोलत नाही.

यंत्रच नवं घ्या, मी म्हणालो.
थुवैनींनी किंमत ऐकली
आणि माझ्या कपात
आणखी कहवा ओतला.

मग शोध.
ती कंपनी दुसरीनं विकत घेतली होती,
दुसरी तिसरीनं,
तिसरीच्या माणसानं फोनवर विचारलं,
तुम्ही याच शतकातून बोलताय ना?
रुवीत एका ओळखीच्या दुकानी
पोतंभर सीड्या उपसल्या:
प्रिंटरांचे ड्रायव्हर, तीन निकाह,
कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन.
इंटरनेटवर जिथे ती फाइल होती म्हणतात
तिथे ती होती
एवढंच उरलंय.

सीडी मिळाली बरक्याला,
थुवैनींच्या आईच्या बागेत,
खजुराला सुतळीनं टांगलेली,
बुलबुलांनी फळाला चोच लावू नये म्हणून.
म्हातारी म्हणाली, दुसरी कुठलीही ने,
हिच्यावर ऊन चांगलं नाचतं.
शेवटी माझ्या लग्नाची सीडी देऊन
तिला सोडवली.
(घरी अजून सांगितलेलं नाही.)
कंपनीची छापील होती, म्हणून तगली.
टूथपेस्टनं घासली, बनियननं पुसली,
चौथ्या खेपेला ड्राइव्हनं खाकरून घसा साफ केला
आणि वाचायला लागला.

तर तिला अनुक्रमांक हवा.
आहे ना, थुवैनी म्हणाले,
यंत्राच्या झाकणाला आतून लिहिलेलाच आहे,
आणि गुडघ्यावर बसून
मोठ्यानं सांगू लागले.
नऊ. चार. सहा. शून्य.
मी भरत गेलो.
चुकीचा क्रमांक.
पुन्हा सांगितला. पुन्हा भरला.
चुकीचा क्रमांक.
तिसऱ्यांदा ते माझ्यावरच चिडले.

मग मीच मोबाइलचा उजेड पाडून वाकलो.
ऑइलपेंट, बारीक ब्रश,
शून्यं अगदी गोल:
१५७०

काही क्षण मी बोललोच नाही.
हे आकडे मी गुहागरच्या शाळेत
पाटी थुंकीनं पुसत गिरवलेत.
एकाचं शेपूट लांब काढलं म्हणून
बाईंची पट्टी खाल्लीय.
थुवैनी त्या एकाला
इतकी वर्षं नऊ म्हणत आले.

कुणी लिहिलं हे?
सगुण केरकर, ते म्हणाले. वेंगुर्ल्याचा.
बावीस वर्षं होता. मग गेला.
मला वाटायचं, बिचाऱ्याला नऊ नीट काढता येत नाही.

चौदा आकडे. या वेळी
कॉम्प्युटरनं मुकाट्यानं मान्य केले.
निळी पट्टी सरकू लागली, थांबली,
आम्ही दोघंही थांबलो,
सरकली.

जुन्या डिस्कवरच्या फाइली उघडल्या.
कुम्म्यांच्या नक्ष्या, नावं इंग्रजी अक्षरांत,
आठच्या पुढे अक्षर नाही:
आबोली. सुरंगी. बकुळ दोन.
मांडवी, जी मला वाटतं खाडी असावी.
आणि एक नुसती, नको.

थुवैनींनी सुरंगी निवडली.
बारा सुया एकदम खाली आल्या,
गल्लीतलं मांजर उठून गेलं.
ही आमची खास, ते म्हणाले,
सणाला मागतात लोक,
माझ्या आजोबांच्या काळापासूनची.

मी कहवा प्यायलो.

निघताना पाहिलं तर कोपऱ्यातलं घड्याळ
१ जानेवारी १९९८ दाखवत होतं.
आतलं सेल संपलेलं.
लावून देऊ का बरोबर?
राहू दे, ते म्हणाले, चालतंय ना.

चालतंय.
त्या तारखेला मी तिसरीत आहे,
आणि केरकर, बहुधा,
ब्रश धुऊन
झाकण लावतोय.