चौथी नळी

वाडी नाक्याच्या मागं, जलील मिस्त्रीच्या शेडमध्ये
सहा काचेच्या नळ्या एका पट्टीवर टांगलेल्या.
इंजिन आयडलवर थरथरतंय
आणि इंजेक्टरांना न पेललेलं डिझेल
थेंबाथेंबानं परत येतंय.
पाच नळ्या बोटभर.
चौथी गळ्यापर्यंत.

"हा पीत नाही ताई, ओकून राहिला,"
जलील म्हणतो, आणि हात पुसतो एका फडक्याला,
जे त्याच्या हातांहून काळं आहे.

मी वही उघडते.
डिसेंबर : चार पॉइंट एक.
जानेवारी : तीन पॉइंट नऊ.
फेब्रुवारी : तीन पॉइंट चार.
तेच मनसरचं मँगनीज, तितकेच टन,
तोच रायपूरचा रस्ता, देवरीनंतरचा तोच चढ.
बावीस वर्षं गणित शिकवलं मी.
आकडा कमी झाला की कुणीतरी खाल्लाय,
एवढंच मला सुचतं.
फेब्रुवारीच्या ओळीशेजारी, लाल पेनानं,
माझ्याच अक्षरात, एक नाव.
झनकलाल.

त्याला विचारलंही होतं, अंगणात, शेजारी ऐकतील असं,
"ढाब्यावर काय भावानं जातं रे लिटर?"
तो बोलला नाही.
खांद्यावरचा पंचा काढून
आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला.
त्या दिवसापासून डिझेलच्या प्रत्येक पावतीमागे
सही करून आणतो.
'झ' काढताना त्याचं पेन अडतं.

जलील डिपस्टिक ओढतो, दोन बोटांत तेल चोळतो, हुंगतो,
मग माझ्या नाकाशी धरतो.
रॉकेलच्या स्टोव्हजवळचा वास.
"ऑइल घटलं तर भ्याचं. वाढलं तर जास्त भ्याचं.
सकाळी पांढरा धूर कधीपासून हाय?"
मी म्हणते, धूर तर मी पाहिला नाही.
झनकलाल टायरकडे बघत म्हणतो,
"संक्रांतीपासून."
"मंग सांगितलं काऊन नाही बे?"
"मॅडम गाडी विकतीन असं वाटलं."
पहाटे चारला उठायचा तो,
थंडीत, गल्ली झोपलेली असताना,
पाच-पाच वेळा सेल्फ मारून
सगळा धूर अंधारात सोडून द्यायचा.
सहाला मी चहा घेऊन बाहेर यायची तेव्हा
इंजिन गरम, आवाज एकसारखा,
आणि मी त्याला म्हणायची, बघ, गाडीला काही झालेलं नाही.

"एकच बदला," जलील सांगतो, "अठरा हजारांत भागते.
पण पाच म्हातारे अन् एक गोऱ्हा
एका जुवाले कितीक दिस चालतीन?
थांबा म्हणसान तर थांबू.
अजून एक ट्रिप होते. दोन बी होतीन.
मंग एक दिवस पिस्टनच्या डोक्याले भोक,
अन् थो दिवस कोणता,
थे मले नाही समजत, तुमाले बी नाही."

कधी बदलायचे, हे वहीत होतंच की.
जानेवारीतच होतं, त्या दोन दशांशांत.
मी वाचलंही होतं,
फक्त इंजिनाच्या जागी माणूस वाचला.

"सहाही बदला," मी म्हणते.
वॉशर, सील, ऑइल, फिल्टर, सगळं.
एफडी मोडावी लागेल. मोडते.
चार लाख सत्तर हजार किलोमीटर,
आणि मी आजवर एकदाही
चढावर त्याच्या शेजारी बसून ऐकलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी, पहाटे नाही, चांगलं ऊन वर आल्यावर
तो चावी फिरवतो. पहिल्याच सेल्फला.
एक्झॉस्टच्या तोंडाशी हवा नुसती हलते,
पलीकडच्या भिंतीवरची जाहिरात
थोडी पाण्यात दिसल्यासारखी.
जलील चौथ्या नंबरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून
मूठ कानाला लावतो, आणि काहीच बोलत नाही.

पंपावरून झनकलाल पावती आणून देतो.
मी उलटी करते.
सही.
"आता नको करत जाऊ," मी म्हणते,
बाकीचं घशातच राहतं.
तो क्लच दाबून गिअर चाचपतो.
"राहू द्या मॅडम," म्हणतो,
"आता हात बसला."