संभाव्य

पेपरच्या अकराव्या पानावर, पार तळाला,
टायरच्या जाहिरातीला खेटून ती छापतात:
तेवीस वर्षांखालील, संभाव्य तीस.
मी खालून वर वाचतो.
वरची नावं काय, सगळ्यांनाच पाठ.

वागळे इस्टेटीत चौतीस वर्षं
मी गेज लावून बोल्ट तपासले.
शिरला तर पास, अडला तर भंगार.
तिथे माझी चूक हजारात एक.
इथे सेंट्रल मैदानाच्या कठड्यावर,
तुरुंगाच्या भिंतीसमोर, रविवारी सकाळी
वही मांडीवर घेऊन बसतो
आणि दहातली आठ पोरं चुकतो.

वहीत डाव्या पानावर पोरं.
उजव्या पानावर मी त्यांच्याबद्दल काय म्हणालो ते.
उजवी पानं बहुतेक खोडलेली.
बायको म्हणते, आपल्या किशोरच्या मार्कांची
कधी एवढी नोंद ठेवली नाहीत.
खरं आहे.

सुफियान मुकादम. कौसा. डावखुरा फिरकी.
वय सोळा लावलंय, खरं त्याच्या अम्मीला ठाऊक.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा चेंडू सोडताना
जिभेचं टोक बाहेर यायचं,
सुईत दोरा ओवताना येतं तसं.
मी लिहिलं: जीभ आत गेली की हा वर जाणार.
जीभ आत गेली.
पोरगा अजून इथेच आहे.

निनाद केणी, ऐरोली गाव, यष्टिरक्षक.
तीन मोसम स्टँडबाय.
स्टँडबाय म्हणजे नक्की काय हो, त्याच्या आईने विचारलं,
मैदानाबाहेर, डब्याची पिशवी दोन्ही हातांत धरून.
म्हटलं, बॅग भरून ठेवायची, ताई,
आणि लांब कुठे जायचं नाही.
वैशाखात सख्ख्या मामेबहिणीची हळद होती.
अख्खी आळी पहाटेपर्यंत नाचली.
हा माळ्यावर, फोन चार्जिंगला लावून.
दोन वाजता फोन वाजला.
मंडपवाला होता:
दादा, जास्तीच्या खुर्च्या कुठे उतरवू?

हे मला त्यानेच सांगितलं, हसत.
मी उजव्या पानावर लिहिलं: हसतो अजून.
ते काही खोडलं नाही.

एकदा का पोरगा वर गेला
की मी त्याचा सामना बघत नाही.
टीव्हीवर त्याचा घाम दिसतो, पण
त्याने उधार घेतलेले पॅड दिसत नाहीत.
तिथे त्याला बघायला माणसं आहेत.
मला हे बाकीचे पुरतात.

परवा यादी आली.
खालून वर गेलो. मुकादम नाही. केणी नाही.
सतराव्या क्रमांकावर: अद्वैत सोनटक्के, कळवा.
कोण हा?
चष्मा पुसला. मग वही काढली,
मग त्याच्या आधीची, मग त्याच्याही आधीची.
पलंगाखालची पेटी ओढताना
बायको दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही.
सापडला. डिसेंबरातला सामना,
सुफियानचे आकडे सहा ओळी भरून,
आणि कोपऱ्यात, पेन संपत आलेलं असताना:
दुसऱ्या टोकाकडून कोणी एक, उंच, बरा टाकतो.

दोन वर्षं.
मी ज्याच्याकडे डोळे लावून बसलो होतो
त्याच्या प्रत्येक षटकानंतर
तो टोपी पंचांकडे देऊन यायचा,
सहा चेंडू टाकायचा, टोपी घेऊन परत जायचा.
मी तेवढ्यात फ्लास्कमधला चहा ओतून घ्यायचो.

आज रविवार.
सुफियान नेटमध्ये एकटाच, स्टंपाच्या जागी एक वीट.
जीभ पुन्हा बाहेर.
यादीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.
फक्त विचारलं, अद्वैत कसा आहे रे पोरगा?
चेंडू पँटला घासत म्हणाला,
काका, त्याच्यामुळेच तर मला विकेटी मिळायच्या.
समोरून काही सुटायचंच नाही.

वही उघडली. तारीख घातली.
डावं पान अजून कोरं आहे.
पलीकडच्या नेटमध्ये कोणी एक
लंगडत लंगडत रनअप मोजतोय.
चहा तसाच राहू दिला आज.