ओल

अंबडला, दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या बरोबर खाली
मी दिवे काढते.
म्हणजे दिव्याची जागा काढते:
बाजरीच्या दाण्याहून लहान हिरवा ठिपका,
कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला.
पाळण्यावर लावायचा कॅमेरा आहे.
बाळ आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

कुलथे साहेब म्हणाले, दिवा चिपच्या पायाला जोडा,
सॉफ्टवेअर लावेल, सॉफ्टवेअर विझवेल.
रात्री डोळ्यांवर येतो म्हणतात लोक.
शिवाय दोन पार्ट वाचतात.
साहेब वाईट नाहीत. दिवाळीला घरचा चिवडा आणतात.

पण चिपच्या पायाला बांधलेला दिवा
म्हणजे विचारलं तरच बोलणारा साक्षीदार,
आणि विचारणारा कोण असेल, ते मला कोण सांगणार?

आमचे तात्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते,
मखमलाबादच्या बाजूला.
रात्री दार उचलून पाणी चोरणाऱ्याला
ते रात्री कधीच पकडायला गेले नाहीत.
सकाळी सायकल बांधाला टेकवायची,
चप्पल काढायची, वाफ्यात पाय ठेवायचा.
ओल काही पुसता येत नाही, म्हणायचे,
आणि वहीत नाव लिहायचे.

मी चारी एकच ठेवली.
सेन्सरला जाणारा पावणेतीन व्होल्टचा पाट
आधी दिव्याच्या वाफ्यातून जातो.
त्याला पाजायचं तर याला भिजवावंच लागेल.
मधे दार नाही,
सॉफ्टवेअरच्या हाताला लागेल अशी कडी नाही.

आणि कुणी पापणी लवायच्या आत
एकच फोटो घेऊन पळालं तर?
म्हणून एक कपॅसिटर, खसखशीएवढा,
त्याच्या शेजारी एक ट्रान्झिस्टर.
कॅमेरा मिटला तरी दिवा तीन सेकंद राहतो.
तीन सेकंदांची ओल.

ड्रॉइंग परत आलं. लाल पेनाने: सी-चाळीस कशाला?
मी पुन्हा घातला. पुन्हा परत.
काल तिसऱ्यांदा पाठवलं, शेऱ्याच्या रकान्यात लिहून:
काढायचा असेल तर सही करून काढावा.
अजून सही आलेली नाही.

रात्री पाथर्डी फाट्याला घरी लॅपटॉप उघडला.
त्याच्या कॅमेऱ्यावर माझीच मरून टिकली,
गोंद सुकून एका कडेने उचललेली.
याचा दिवा कुणी काढला असेल,
कुठल्या पाटावर,
त्याच्या साहेबांनी काय म्हटलं असेल.

अंगठ्याने दाबून बसवली.