पोकळ

आण्णाप्पा मगदूम, वय एकावन्न,
शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर.
अकरा महिन्यांपूर्वी रसाचा लॅडल कलला,
तेव्हापासून हनुवटी छातीला धरून आहे.
मान वर करा म्हटलं, तर डोळेच वर करतो.
तोंड उघडतं दोन बोटं. कशीबशी.

मी गळा चाचपते.
कंठमणी असायला हवा तिथं
जून, चिवट कातडं,
वितळून पुन्हा थिजलेलं.
बोटांना काही सांगत नाही.

म्हणून जेल.
"लई गार हाय की वो, मॅडम."
प्रोब आडवा धरते. पडद्यावर करडं धुकं,
धुक्यात दोन उतरत्या पाख्यांचं छप्पर.
'आ' म्हणा.
म्हणतो, आणि छपराखाली
दोन पातळ पट्ट्या थरथरतात.
त्याखाली क्रिकॉइडची नाल.
प्रोब उभा केला की श्वासनळी:
पांढऱ्या दोऱ्यात ओवलेले काळे मणी.

तो दोरा म्हणजे हवेची कड.
ध्वनी तिथं आपटतो, माघारी फिरतो.
हवा कुठं सुरू होते
एवढंच या मशीनला कळतं.

"काय बघतायसा?"
"हवा कुठं आहे ते."
ओठाच्या एका बाजूनं हसतो.
"आमच्यात कास्टिंगमधी हवा घावली
की माल रिजेक्ट.
म्या हातोडी मारून सांगायचो.
बद्द वाजलं की आत पोकळ."

माझी हातोडी ऐकू येत नाही, आण्णा.
आणि मला पोकळच हवं आहे.

छप्पर आणि नाल यांच्या मधे
बोटभरही नसलेली जागा.
तिथं मार्करनं फुली.
सगळं चुकलं तर इथून.
पात्याचं पाकीट ट्रेवर, न फोडलेलं.
त्याला सांगितलंय. बायकोलाही,
ती बाहेर बाकावर
त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसलीय.

मग जागेपणीच, नाकातून,
बधिर केलेल्या वाटेनं दुर्बीण,
तिच्यावरून नळी.
प्रोब पुन्हा गळ्यावर: एकच पोकळी.
छातीवर: फुप्फुसाची कड सरकतेय,
उजवीकडं. थांब. डावीकडंही.
झोपा आता.

फुली शल्यविशारदाच्या सुरीखाली गेली.
पाकीट मी कपाटात परत ठेवलं.

रात्री वॉर्डात
पट्ट्यांत ताठ मान, नजर थेट पंख्यावर.
मला पाहून बोलत नाही.
बोटाचं पेर
कॉटच्या लोखंडी दांडीवर मारतो,
ऐकतो, पुन्हा मारतो.
"पोकळ हाय,"
घोगऱ्या आवाजात.