तीन ग्रॅम

उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारांच्या लेथच्या वर
माझी खोली. भाडं साडेतीन हजार,
कंप फुकट.
खाली चक फिरला की वर चहा
कपातल्या कपात वर्तुळं काढतो.

हत्यारं फार नाहीत.
एक लॅपटॉप, ज्याचं एंटर दोनदा दाबावं लागतं.
तीन जुने फोन, तिघांच्या काचा तीन तऱ्हेनं फुटलेल्या:
पहिल्यात माझं अ‍ॅप पळतं, दुसऱ्यात दम खातं,
तिसऱ्यात उघडतं तेव्हा मी हात जोडतो.
आणि ‘नंतर वाचू’ नावाची एक फाईल.
तिच्यात सहाशे बारा लिंका.

एकदा बसून सगळ्या उघडल्या.
निम्म्या मेल्यात.
कुणीतरी कुठेतरी रात्र जागून
माझ्याच अडचणीचं उत्तर लिहिलेलं,
आणि त्या जागी फक्त: पान सापडत नाही.
पुसल्या नाहीत.
गेलेल्या माणसाचा नंबर
पुसतं का कुणी फोनमधून?

अ‍ॅपचं नाव ‘घट’.
हुपरीच्या चांदीवाल्यांसाठी.
कारागिराला चांदी किती दिली, पैंजण किती आले,
मधल्या मध्ये किती झिजली, उडाली, मुशीत राहिली.
वापरणारे एकशे एकेचाळीस.
त्यात एक माझा मेव्हणा.
त्याची पोल्ट्री आहे.

परवा एक तारा पडला.
एकच.
‘हिशोब चुकतो. तीन ग्रॅम. जिनगोंडा चौगुले.’

फोन केला.
म्हटलं, मामा, एवढं तेवढं होतंच की.
पलीकडे इतका वेळ शांतता
की मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणाले, ‘तीन ग्रॅम कुणाच्या पगारातनं कापू, त्ये सांग.’

एसटीनं हुपरीला गेलो.
लाल कापडी पुठ्ठ्याची वही,
फोनला रबरबँड,
मागच्या खोलीत मुली पैंजणांना घुंगरू जोडत होत्या,
त्यांच्या बोटांच्या टोकांवर राखाडी चमक.
मामांनी पानापानावर बोट ठेवलं,
मी पडद्यापडद्यावर.
प्रत्येक ओळ जुळत होती.
बेरीज जुळत नव्हती.
‘माझी वही बरोबर हाय,’ ते म्हणाले,
‘तुझं तू बघ.’
आणि मला लाडू दिला, रागातच.

रात्री अकराला गंगावेशीत उभा होतो.
म्हशीच्या खुंट्याला क्यूआर कोड बांधलेला,
म्हैस तो चाटते, म्हणून त्याला प्लॅस्टिक.
दुधाचा पेला हातात, डोक्यात पंधराशे नोंदी.
अ‍ॅप लिहिणारा माणूस
झोपतो कधी, असं आई विचारते.
काम काय करतो, असं बाकीचे.

सकाळी खाली गेलो, बोललो तर बोललो.
दस्तगीरचाचांनी नुकताच एक शाफ्ट कातला होता.
मी मायक्रोमीटरला हात घातला,
त्यांनी हातावर चापट मारली.
‘गरम जॉब मोजू नगं.
दर कापाला मोजत बसलास तर फसलास.
गार हुंदे. शेवटी एकदाच मोज.’

जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.
मी दर ओळीला शेपूट छाटत होतो.
दोन मिलिग्रॅम इथं, दोन तिथं,
कुणाला दिसत नाही म्हणून.
पंधराशे वेळा न दिसलेलं
एका वहीत दिसलं.

एक ओळ खोडली, तीच खाली नेऊन लिहिली.
दुरुस्तीला चार मिनिटं.
स्टोअरच्या मंजुरीला दोन दिवस.
त्या दोन दिवसांत मी पन्नासदा ताजं करून पाहिलं,
एकदा तर गाडीवर, सिग्नलला,
मागच्यानं हॉर्न देईपर्यंत.

शुक्रवारी मामांनी तारा बदलला.
दोन केले.
खाली लिहिलं:
‘आता बरोबर. अक्षर मोठं कर.’