दीडशे ग्रॅम

कारखान्यात मासे कापायचे पांढरे पाट गेले, निळे आले.
जुने कचऱ्यात चालले होते. एक मी कोटाखाली घातला,
केझायानं मागितला होता म्हणून.
अकरा वर्षं त्याच्यावर हॅडॉक कापला, कधी कॉड.
सुरीच्या खुणा इतक्या
की बोट फिरवलं तर जाड्याभरड्या कापडासारखा लागतो.

ती म्हणाली, बाबा, हेच प्लास्टिक दुकानात बारा पौंडांना आहे.
बारा पौंड म्हणजे तिच्या पाच पहाटा,
पेपरांची पिशवी, आणि ग्रिम्स्बीच्या गोदीवरून येणारं ते वारं
जे माणसाला वळसा घालत नाही, आरपार जातं.

वहीत हिशेब आहे. मोटारी दोन, अठरा पौंड.
बॅटरी साडेचार. रिमोट कुणाच्या तरी पोटमाळ्यावरचा, दहा.
चाकं चपलेच्या तळव्यातून कापलेली, फुकट.
चपला माझ्या. मला विचारलं नव्हतं.

डाख देताना पहिल्यांदा बोट भाजलं,
दुसऱ्यांदा टेबलक्लॉथ.
तिसऱ्यांदा मोटार फिरली, पण उलटी,
आणि पोरगी इतकी हसली की मला वाटलं, संपलं, जिंकलीच.
बॅटरी ती मातीच्या कुंडीत चार्ज करते, पेटली तर म्हणून.
कुंडीतलं जेरेनियम सध्या माझ्या चहाच्या मगात राहतं.

पाटाला भोक पाडलं की वास येतो.
किती घासला, व्हिनेगर लावलं, तरी
ड्रिल तापलं की आतून मासा उठतो.
नाक दाबून म्हणाली, नाव ठरलं. हॅडॉक.

लाऊथला, चर्चच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी
काट्यावर हॅडॉक एकशे चोपन्न भरला.
नियम दीडशेचा.
चौदा वर्षांची आहे,
पण रडू गिळताना अजून सहाची दिसते.
मला मोटारीतलं कळत नाही, रिमोट तर मी उलटा धरतो.
पण चार ग्रॅम!
बावीस वर्षं मी दुसरं केलं काय?
हॉलच्या स्वयंपाकघरात एक बोथट सुरी होती.
कपाच्या बुडावर घासून तिला धार आणली,
आणि पाटाच्या पाठीकडून, कण्याला धक्का न लावता,
एकेक पापुद्रा, उजेड पलीकडून दिसेल असा.
रांगेतले लोक सँडविच खायचे थांबले.
एकशे एकोणपन्नास पूर्णांक आठ.

पहिली झुंज मिसेस ओस्गर्बींशी.
निवृत्त गणिताच्या बाई, गुडघ्याला पट्टा,
रोबोचं नाव ‘बाकी शून्य’.
आठ सेकंद.
पातं लागलं, हॅडॉक उडाला, वरच्या झाकणावर आपटला,
एक चाक, म्हणजे माझी चप्पलच ती, कोपऱ्यात घरंगळलं.
मी डोळे मिटले. उघडले तेव्हा
बाई केझच्या टेबलाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकलेल्या.
‘वायर अशी लोंबू देऊ नकोस, पोरी,
पुढच्या वेळी मी पुन्हा तिथंच मारीन,’
आणि स्वतःच्या डब्यातलं चाक काढून बसवत होत्या.
मला हे गणित कळलं नाही. अजूनही नाही.

दुसरी हरली. तिसरीत समोरचा दाढीवाला
घाईघाईत मागे आला आणि स्वतःच खड्ड्यात पडला.
वहीत तिनं लिहिलं, ‘जिंकलो: १.’
कसे, ते लिहिलं नाही.

येताना गाडीत झोपली, तोंड उघडं, हॅडॉक मांडीवर.
सिग्नलला थांबलो तेव्हा मी बोट फिरवलं.
माझ्या खुणा सगळ्या एका दिशेच्या,
रोजच्या, फारशा खोल नसलेल्या.
एक नवी होती, आडवी. तिच्यात नख बसलं.
मागच्यानं हॉर्न वाजवला.

सोमवारी कामावर निळ्या पाटाकडे बघत उभा होतो.
मुकादम म्हणाला, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
हे किती वर्षांनी बदलतात?